तेरड्याला पाहून माझ्या पोटात दुखतं

मी एक जुनी कारवी आहे. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात जे वनउद्यान आहे, त्याच्या कडेच्या उतारावर मी सहा पावसाळे नुसती पानं घेऊन उभी होते. आम्ही कारवी सातव्या वर्षी एकदाच फुलतो आणि मग वाळून जातो.

माझ्या पायाशी तेरडा उगवतो. मित्रांनो, खरं सांगते, त्याला पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. कालपरवा उगवलेलं हे रोपटं भाद्रपदात गुलाबी होऊन मिरवतं. फिरायला आलेली माणसं गुडघे टेकून त्याचे फोटो काढतात आणि माझ्यावर ओल्या छत्र्या टांगतात. गौरी यायच्या दिवशी तर कहरच! वाडीतल्या तुळसाबाई त्याला मुळासकट उपटून नेतात, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. मग त्याला मुखवटा काय, साडी काय, नथ काय! मला कधी कुणी उंबऱ्याच्या आत बोलावलं नाही.

सातव्या वर्षी मी कळ्या धरल्या. तेरडा न्यायला तुळसाबाई आल्या, सोबत मुंबईहून सणाला आलेली त्यांची सून सारिका होती. तिच्या हातात कोयता होता.

"आई, ओटीवरची कुडाची भिंत पडलीय ना? या काठ्या मस्त सरळ आहेत. गौर यायच्या आत नीट करून टाकू," असं म्हणत तिने माझं खोड धरलं.

मी घाबरले. आणि खोटं कशाला बोलू, हरखलेही. एकदाचं ते घर दिसणार होतं, पण माझं फूल मला कधीच दिसणार नव्हतं.

"थांब गो!" तुळसाबाई ओरडल्या. "कळ्या हायत तिला. आता तोडलीस तर फुलायची नाय, बी पडायचं नाय. मग पुढं भिंत कशाची घालशील? वाळली की नेऊ. तवर पडदा लाव."

तेरडा ऐटीत घरी गेला आणि मी जळत राहिले. नवरात्राच्या सुमारास मात्र माझ्यासकट सगळा उतार जांभळा झाला. तुळसाबाई सारिकाला घेऊन मुद्दाम चढून आल्या, माझ्यापाशी बराच वेळ बसल्या. तेव्हा तेरडा कुठे होता? गौरीबरोबर कधीच नदीत गेला होता. मला फार बरं वाटलं.

आता मी वाळले आहे, माझं बी मातीत पडलं आहे. उद्या तुळसाबाई मला न्यायला येणार आहेत. मित्रांनो, कळ्या धरलेल्या कारवीला कोयता लावू नका. तिला दुसरं वर्ष मिळत नाही.

मी ओटीवरच्या भिंतीत उभी राहीन. दरवर्षी तेरडा येईल, दोन-तीन दिवसांत जाईल, मी तिथेच असेन. एवढंच खुपतं, की त्याला साडी नेसवतील आणि मला शेणाने सारवतील.