निरोगी बाईचा नमुना

कॅन्सरच्या चाचणीत तुलनेसाठी निरोगी बाईचा नमुना कमी पडला की आपलाच द्यायचा, ही तिलक नगरच्या त्या लॅबमधली रीत. शर्वरीने दिला. तीन नळ्यांत लावला. तिन्हींत उत्तर एकच: निरोगी नाही.

"मतलब, काहीतरी मिसळलंय," तिच्या वरिष्ठ प्रभावती मॅडम म्हणाल्या. "फेकून दे."

"मॅडम, तो माझा आहे."

गर्भाशयाच्या तोंडाशी, पेशींना आवर घालणारं एक जनुक. धडधाकट, कुठे मोडलेलं नाही. फक्त त्यावर रासायनिक ठिपके चिकटलेत, त्यामुळे पेशी ते वाचतच नाही. यामागे बहुतेकदा शरीरसंबंधातून येणारा एक विषाणू असतो. हा अजून कॅन्सर नव्हे. तुकडा काढून तपासला तर वेळेत थांबवता येईल. मॅडमनी तिथल्या तिथे हॉस्पिटलात फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवार, सकाळी दहा.

गुरुवार, सकाळी आठ. जगतपुरा, चौथा मजला. ही सकाळसुद्धा तीनदा लावू.

पहिली नळी (लिफ्टमध्ये शेजारणीला सांगायची):
बेसिनपाशी पाय घसरला.

दुसरी नळी (सासूबाईंनी फोनवर ऐकलेली):
परीक्षितने, तिच्या नवऱ्याने, विचारलं, "हा विषाणू कुणाकडून आणलास?" ती म्हणाली, "तुझ्याकडून असेल. लग्नाआधीचाही असेल, वर्षानुवर्षं बसून राहतो." त्याचा हात लागला. चुकून.

तिसरी:
त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली. पुन्हा आपटलं. दात ओठात घुसला. "आता जा. दाखव जाऊन सगळ्यांना, माझी बायको कशी आहे." दाराला कुलूप. किल्ली त्याच्या खिशात.

गॅसवर तवा होता. तिने उचलला, पोळीसकट, आणि त्याच्या मनगटावर दाबून धरला. कातडी चर्रकन बोलली. तो गुडघ्यांवर आला. तिने खिशात हात घातला, किल्ली काढली. त्याने तिचा घोटा धरला. तिने दुसऱ्या टाचेने त्याची बोटं ठेचली. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. घोटा सुटला होता. तरी तिने आणखी एकदा टाच दिली.

पहिल्या दोन नळ्या मोरीत ओतून द्या.

दहा वाजून पाच. रिक्षावाल्या भैयाने सीटवर वर्तमानपत्र अंथरून तिला हॉस्पिटलात आणलं होतं.

"पहले टांके, बेटा," डॉक्टर इंदुमती म्हणाल्या. "खाली कॅज्युअल्टीत जा. पोलिसांनाही कळवावं लागेल."

"कळवा. पण आधी हे."

"रक्त थांबत नाहीये तुझं."

"ते तुम्हाला दिसतंय तरी. आज इथून उठले, तर घरचे परत येऊ देतील की नाही, कुणी सांगावं."

डॉक्टरांनी दार लावलं. शर्वरी टेबलावर चढली, भुवईवर टॉवेल दाबून. चिमटा आत गेला, चावला, तुकडा तोडून बाहेर आला. टेबलाची कड तिच्या मुठीत करकरली.

"दोन जागा पांढऱ्या, संशयास्पद दिसतायत. दुसरी पुढच्या वेळी घेऊ?"

"आत्ताच घ्या," शर्वरी म्हणाली.