घोड्यावरचा उमेदवार

सत्तावन्नच्या निवडणुकीत वाशीमजवळच्या मालेगावचे मारोतराव वकील उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हाती गेल्या शतकातल्या एका अमेरिकन वकिलाचं चरित्र लागलं होतं. तो वकील लाकडी खोपटात जन्मला, घोड्यावरून गावोगाव गरिबांचे दावे लढला आणि शेवटी थेट राजधानीत जाऊन बसला. मारोतराव जन्मले दुमजली घरात; त्याला आता इलाज नव्हता. घोडा मात्र भाड्यानं मिळत होता.

जीप नाल्यापलीकडं ठेवून ते घोड्यावर बंजाऱ्यांच्या तांड्यात आले. तांड्याचा प्रमुख सोमला नाईक यानं टेकडीवरून जीपही पाहिली, घोडाही पाहिला, आणि लगाम धरायला खाली उतरला. त्याला वकिलाची गरज होती. तांड्याची जागा आपली म्हणून जगदेव पाटलानं दावा लावला होता. मंगळवारी वाशीमला तारीख होती आणि तांड्याचे वकील मारोतरावच होते.

अमेरिकेतलं चरित्र तासभर चाललं.

"तो तारखेले गैरहजर राहे का?" सोमलानं विचारलं.

"कधीच नाही."

"मंग मंगळवारी तुमी येता."

"मंगळवारी शिरपूरले सभा हाय, नाईक. तारीख वाढवून घेऊ."

"तीनदा वाढली."

"मोठ्या कामापुढं हे होतेच. त्यानंही निवडून आल्यावर वकिली सोडली."

"तुमी तं निवडून याच्या आंधीच सोडून राह्यले," तांड्यातली म्हातारी नानीबाई म्हणाली.

वकीलसाहेब घोड्यावर चढले. दुसऱ्या प्रयत्नात.

मंगळवारी तांड्यातली चाळीस माणसं पायी वाशीमच्या कचेरीत जाऊन बसली. त्यांच्या पंचायतीत, म्हणजे नसाबात, निकालाआधी जो उठला तो हरला. सरकारचंही तसंच असणार, हे ते धरूनच चालले होते. दुपारी शिपाई म्हणाला, "जेवून तं या."

"निकाल लागू दे," सोमला म्हणाला. कोणी हललं नाही.

साडेचारला पुकारा झाला. वादी जगदेव पाटील नव्हता, त्याचा वकीलही नव्हता. तांड्याचा वकील सभेत, म्हणजे तारीख वाढणारच, असा हिशेब करून दोघं शिरपूरला गेले होते. मारोतरावांच्या सभेचे अध्यक्ष पाटीलच होते. जज्जसाहेबांनी समोरची चाळीस डोकी पाहिली आणि दावा खारीज केला.

दोन दिवसांनी पत्रक निघालं: तांड्याला न्याय मिळवून देणारे मारोतराव. तांड्यातल्या सेवादासनं ते मोठ्यानं वाचलं. सोमलानं पुन्हा वाचायला लावलं, कारण हसण्यात अर्धं बुडालं होतं.

मारोतराव पडले. तांड्यातून त्यांना तीन मतं गेली म्हणे. ती कोणाची, यावर नसाब बसला आहे. अजून कोणी उठलेलं नाही.