माडीवरून उतरलेली नवरी

आमच्या दुकानाचं तोंड बघून फसू नका. बाहेर फुगलेल्या त्या दोन खिडक्या, बारीक चौकटींच्या काचा, मधलं देखणं दार, हा सगळा पणजोबांचा थाट. मागचं घर त्याच्या कितीतरी आधीचं, लाकडी सांगाड्याचं, आणि त्यात एक कोपरा सरळ असेल तर शपथ. जिना धुराड्याला वेटोळं घालून चढतो. त्यावरून कपाट जात नाही, शवपेटी तर नाहीच. म्हणून माडीच्या जमिनीत दोन तुळयांमधल्या फळ्या सुट्या ठेवल्यात. त्यातून सामान वर येतं आणि घरातलं मेलेलं माणूस खाली दुकानात उतरतं.

तर मर्टल आत्याच्या लग्नाच्या दिवशी, माडीवर ती बूट घालायला वाकली आणि तिचा गुडघा धरला. पाय वाकेना. न वाकवता त्या जिन्याची वळणं उतरणं कसं शक्य होतं? चर्चमध्ये पाद्री बाराची वेळ देऊन बसलेले, त्यांना पुढं आणखी एक लग्न लावायचं होतं. मला रडूच आलं.

"फळ्या काढू?" मी विचारलं.

"त्यातून मी एकदाच जाणार आहे, थेल्मा. आज नाही."

"मग राहा बसून. समोरचा खाटीक जन्मभर थांबलाय, आणखी थांबेल."

तिनं खिडकीतून समोरच्या दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घंटावाल्यांना बोलाव."

दोर सांभाळावा तर चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांनीच. धावत आले सगळे. खुर्चीला दोर बांधले, फळ्या काढल्या. खाली नवरदेव क्लिफर्ड, तोच समोरचा खाटीक, घाबरून आलेला. लग्नाआधी नवरीला बघायचं नसतं, म्हणून मी त्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलं.

खुर्ची सावकाश उतरू लागली. आधी बूट दिसले, मग निळा झगा, मग टोपीतली फुलं. अर्ध्यावर आत्या म्हणाली, "थांबवा."

मला वाटलं, घाबरली. पण ती इकडे तिकडे बघत होती. लोकरीचे गुंडे, बटणांचे खण, खिडक्यांतून आत आलेलं ऊन.

"आई इथूनच गेली, आजीपण. किती छान दिसतं गं दुकान इथून. त्या बिचाऱ्यांना काही दिसलंच नाही." डोळे पुसून ती हसली. "क्लिफर्ड, वळ इकडे."

"पण मर्टल, चर्चच्या आधी—"

"वळ म्हणते ना. या वाटेनं जिवंत उतरणारी पहिली बाई आहे मी. नीट बघून घे."