मध्ये आलेलं गाढव

मी गाढव बोलतोय. हसून घ्या, मी थांबतो.

झालं? मग ऐका. मी शिशाचा आहे. उंची बोटाच्या पेराएवढी. पाठीवर दोन पोती, चारही पाय पक्के, एक कान सरळ आणि एक बाहेर वाकलेला. साच्यात हवा राहिली, म्हणून तो वाकला. मला त्याची लाज नाही.

मला दोघा भावांनी घडवलं. थोरला कवळ्या बनवायचा, त्यामुळे साचे आणि ओतकाम म्हणजे त्याच्या हातचा मळ. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दर रविवारी थोरल्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोघांची लढाई लागे. शिपाई, घोडे, तोफा थोरल्याने ओतलेल्या. टेकड्या, झाडं आणि पूल धाकट्याचा. बुचांचा आणि प्लास्टरचा पूल, तीन कमानी, मधली खचलेली. एकदा पाहिला की कुठेही ओळखावा असा.

"दादा, पूल ओसाड दिसतो," धाकटा म्हणाला. "एखादं जनावर दे."

"घोडे आहेत की."

"ते लढायला. एरवी पुलावरून कोण जातं? गाढवच ना?"

"म्हणजे तू," थोरला म्हणाला. पण ओतलं त्याने. रंग धाकट्याने दिला. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि त्या टेबलावर गाव वसलं. स्वतःच्या तोंडाने सांगतोय, पण खोटं नाही.

नियम साधा होता. तोफेपासून शिपायापर्यंत वहिनींच्या शिवणाचा दोरा ताणायचा. दोरा कशाला टेकला नाही, तर शिपाई मेला. झाड, भिंत, पूल मध्ये आला, तर वाचला. गाढवाचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

एका रविवारी धाकट्याचा एकच शिपाई उरला. झेंडेवाला, माझ्या मागे उभा. तो पडला की लढाई संपली. थोरल्याने दोरा ताणला. तो माझ्या वाकड्या कानाला टेकला.

"टेकला, दादा. गाढव मध्ये आलंय."

"गाढव मोजत नाहीत. ते देखाव्यातलं."

"पूलही देखाव्यातला. तो बरा मोजतोस?"

"पूल हलत नाही."

"आणि हे काय चरायला निघालंय?"

स्वयंपाकघरात वहिनी हसल्या. थोरल्याला ते झोंबलं.

"लढणाऱ्याने लढावं," तो म्हणाला. "झाडं रंगवणाऱ्याने मध्ये बोलू नये. तुझं सगळं काम शोभेचं. इथेही आणि बाहेरही."

धाकट्याने पूल उचलून काखेत धरला.

"भाऊजी, जेवून तरी जा. पानं वाढलीत."

"पोट भरलं, वहिनी."

तो पुन्हा आला नाही. थोरल्यानेही बोलावलं नाही. रविवारी तो दोन्ही सैन्यं एकटाच मांडायचा आणि एकटाच जिंकायचा. जिंकून कधी हसला नाही.

बरीच वर्षं गेली. एके दिवशी वहिनी बाजारात गेल्या असताना त्याने पुलाच्या जागी बुटांचं खोकं ठेवलं. मला त्याच्या तोंडाशी, झेंडेवाल्याला माझ्या मागे. दोरा ताणला. या वेळीही तो त्याच कानाला टेकला. तो तसाच धरून बसला.

"मध्ये आलास म्हणजे आलास," तो मला म्हणाला. "मोजायला हवं होतं. त्याचं बरोबर होतं."

फोन हाताशी होता. त्याने चष्मा पुसला आणि मला डब्यात ठेवलं.

पुढे तो फार जगला नाही. धाकटा आला. वहिनींनी डबा पुढे केला. "शिपाई घेऊन जा, भाऊजी. मी काय करू त्यांचं?"

"शिपाई नकोत." त्याने डबा चाचपून मला बाहेर काढलं. "याला शेवटपर्यंत मोजलं नाही, वहिनी."

वहिनींना ठाऊकच नव्हतं; त्या दिवशी त्या बाजारात होत्या.

आता मी धाकट्याच्या दुकानात फळीवर, पुलाच्या तोंडाशी उभा आहे. सैन्य नाही, तोफ नाही. परवा धूळ झटकताना त्याने माझा वाकडा कान चिमटीत धरला. सरळ करणार वाटलं. केला नाही.

मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. माझं तोंड ओतीव आहे, ते उघडत नाही. तुम्ही कधी पाटी रंगवून घ्यायला त्याच्याकडे गेलात, फळीवर तीन कमानींचा पूल दिसला, तर त्याला एवढंच सांगा.

दादाने मोजलं होतं.