माळ्यावरचा ज्वालामुखी

मी एक जुना ज्वालामुखी आहे. हसू नका, मित्रांनो! रद्दी, खळ आणि प्लास्टर यांचा मी बनलो. माझ्या पोटात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आहे. तिच्यात खायचा सोडा टाकायचा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर ओतायचं, की मी फसफसतो. झाला उद्रेक! खरे ज्वालामुखी सोड्यावर चालत नाहीत हे मला कळतं, पण मला विचारतो कोण?

या घरातल्या थोरल्या मुलाने, म्हणजे दादाने, मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घडवलं. माझं टोक सारखं ढासळायचं. पोरगा रडकुंडीला आला, पण हटला नाही. का ढासळतंय ते शोधून त्याने आत तारेची जाळी बसवली आणि मी ताठ उभा राहिलो. पहिला नंबर आला! बाबांनी मला खांद्यावरून घरी आणलं आणि अख्ख्या शेजाराला बोलावून माझं फसफसणं दाखवलं. काय कौतुक झालं म्हणून सांगू!

पुढे मला दादाचा आतेभाऊ घेऊन गेला, मग दादाच्या पाठची ताई. दरवेळी नवा रंग, दरवेळी बक्षीस. मात्र मला पुन्हा कोणी घडवलं नाही, नुसतं रंगवलं. बाकीचे दिवस मी माळ्यावर, जुन्या गादीच्या शेजारी, धूळ खात पडून असायचो.

मग धाकटीची पाळी आली. ही मुलगी म्हणजे प्रश्नांचं यंत्रच. बाबांच्या अगदी नाकी नऊ आणायची. प्रदर्शनासाठी काय करायचं, हे तिने आधीच ठरवलं होतं. गॅलरीतल्या दोरीवर तिने सारखेच ओले रुमाल टांगले, काही उन्हात, काही सावलीत. माळ्यावरून मला सगळं दिसत होतं. दुपारी ती धावत आत आली.

"बाबा, उलटंच झालं! सावलीतले आधी वाळले!"

आनंदाने तिला धड उभं राहवत नव्हतं. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे चुकला तुझा प्रयोग."

"चुकला नाही हो. असं का झालं, तेच तर शोधायचंय."

"आणि नाही सापडलं तर? तक्त्यावर काय लिहिणार, ‘माहीत नाही’ म्हणून?"

"हो, तसंच लिहीन."

"अहो, करू दे की तिला," आई म्हणाली.

"अगं, तिथे लोक हसतील पोरीला! दादाला बक्षीस, ताईला बक्षीस, आणि ही रुमाल वाळत घालून उभी राहणार?"

मित्रांनो, बाबा दुष्ट नव्हते. लेकीचं हसं होईल या धास्तीने त्यांचा जीव खालीवर होत होता. म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. ते स्टुलावर चढले. मी मनात म्हणत होतो, निसटू दे मला यांच्या हातून, होऊ दे चक्काचूर! पण त्यांनी मला तान्ह्या बाळासारखं अलगद उतरवलं.

"मला नको हा," धाकटी पुटपुटली.

"यंदा एवढं ऐक. पुढच्या वर्षी तुझ्या मनासारखं."

आईने दोरीवरचे रुमाल काढले, घड्या घातल्या आणि कपाटात ठेवून दिले.

प्रदर्शनात मी झकास फसफसलो. परीक्षकांनी तिला विचारलं, "यातलं तुला अजून न कळलेलं काय?"

"काहीच नाही, सर. सगळं पाठ आहे."

"शाब्बास!" ते म्हणाले, आणि पहिला नंबर दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचे डोळे भरून आले. मला मात्र फार वाईट वाटलं.

वर्ष गेलं. पुन्हा प्रदर्शनाची सूचना आली. बाबा शब्दाला जागले, एवढं मी नक्की सांगेन. त्यांनी धाकटीला जवळ बसवून विचारलं, "बोल, यंदा काय करायचं? तुझ्या मनात काय आहे?"

मी कान टवकारले. तिने खिडकीतून गॅलरीतल्या रिकाम्या दोरीकडे एकदा पाहिलं.

"मनात काहीच नाहीये, बाबा. ज्वालामुखीच काढा."

"समज आली हो पोरीला," बाबा आईला म्हणाले, आणि स्टूल आणायला गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. माझी विनंती उलटी आहे. माझ्यासारखा एखादा तुमच्या माळ्यावर असेल, तर त्याला जपू नका. खुशाल फोडून टाका. माझं कोणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही. आत्ताच बाबा नवा लाल रंग घेऊन आले आहेत, आणि धाकटी मुकाट्याने ब्रश भिजवते आहे.