डाळ शिजते ते पाणी

बारा वर्षांनी माझी बहीण जहुरा झांझिबारहून माहेरी आली आणि माझ्यासाठी काय आणलं, तर फिल्मचा रोल. सगळ्या घरादेखत हातात ठेवून म्हणते, "भाई, तुझा कॅमेरा हाय ना अजून?" माझं डोकंच फिरलं. "गंजला," म्हटलं आणि ओटीवर जाऊन बसलो.

खोटं बोललो. कॅमेरा माझ्या पेटीत मफलरमध्ये गुंडाळलेला होता. जहाजावर सुकाणी होतो तेव्हा पोर्ट सईदला हौसेनं घेतलेला. त्या काळात रेवदंड्यातलं मी काय टिपलं नव्हतं? वाळत घातलेले बोंबील, खाडीत शिरणारी गलबतं, रावजी न्हाव्याची पाठसुद्धा. लोक हसायचे. हसेनात का!

चोवीस साली जहुरा लग्न होऊन परदेशी निघाली, तेव्हा अम्मा म्हणाली, "तिचा चेहरा मला ठेवून दे." एरवी मी फिल्म धुवायला मुंबईच्या दुकानात द्यायचो. पण घरातल्या बाईचा चेहरा परका पुरुष बघणार, हे आमच्यात चालायचं नाही. म्हणून औषधं आणली, कोठीची खोली बंद केली, कंदिलाला लाल कापड गुंडाळलं आणि स्वतःच फिल्म धुतली. शेवटी औषध धुऊन काढायला पाणी आमच्या विहिरीचं. मचूळ आहे, पण आंघोळीला चालतं, भांड्यांना चालतं, मग फिल्मला का नाही? फिल्म वाळली आणि जहुराच्या तोंडावर मिठाचे पांढरे कण फुलले. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, तर चेहराच निघून आला. तोवर तिची आगबोट सुटली होती. "फोटो आला न्हाय," एवढंच अम्माला सांगितलं. फिल्म उकिरड्यावर फेकली. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावायचीच मला लाज वाटायची.

आता जहुरा महिनाभर राहून परत जाणार होती आणि अम्मानं सत्तरी ओलांडलेली. ही दोघींची शेवटची भेट, हे सगळ्यांना कळत होतं, पण कोणी बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी अम्मानंच माझी पेटी उघडली. "आमचा दोघींचा फोटो काढ."

"आणि पुन्हा बिघडला म्हणजे?" मी खेकसलो. "तेव्हा आपल्या विहिरीच्या पाण्यानं घात केला." बारा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो.

अम्मा म्हणाली, "आपल्या विहिरीचं पाणी घेतलंस? अरे, त्यात माझी तूरडाळ शिजत न्हाय. डाळीला मी जन्मभर शेजारच्या नीराबाईच्या वाडीतल्या गोड्या विहिरीचं पाणी आणते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू मला कोठीच्या दारातनं हाकललंस ना."

जहुरा ओढणी तोंडाला लावून हसत सुटली.

दोघींना ओटीवर बसवलं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा काचेत त्या दिसल्या. किती वर्षं मी हे सुख स्वतःला नाकारलं होतं! रोलवर सात फोटो उरले. ते जपून ठेवणार होतो, पण पाय खाडीकडे वळले. संध्याकाळपर्यंत सातही संपले.

दुसऱ्या दिवशी नीराबाईनं माझ्या हातात दोन हंडे बघून विचारलं, "एवढी डाळ कुणासाठी शिजवताय?"

फिल्म धुऊन टांगली आणि दुपारभर तिच्यासमोर बसून राहिलो, जेवायलाही उठलो नाही. फिल्म वाळली. एकही पांढरा कण नाही. कागदावर छापली, तर मायलेकी दोघी हसत होत्या.

अम्मानं फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि पानाचा डबा उघडला. तळाशी ती जुनी फिल्म होती, चेहऱ्याच्या जागी डाग पडलेली. उकिरड्यावरून तिनं कधी उचलली, देव जाणे.

"ती आता टाक, अम्मा," मी म्हटलं.

तिनं नवा फोटो त्या फिल्मवर ठेवला आणि झाकण लावलं.

"कशाला टाकू?" ती म्हणाली. "हात चांगले आलेत तिचे."