फ्रिजवरची ‘ए’

मी ‘ए’ बोलतेय. कीबोर्डच्या डाव्या कडेची, करंगळीखालची कळ. सध्या मुक्काम फ्रिजच्या दारावर.

लुंबिनी परदेशात शिकून गाझियाबादला परतली, तेव्हा तिला वाटलं होतं की इथल्या भंगाराला आपण नवा जन्म देऊ. झालं उलटंच. तिच्या हातून चालते कीबोर्ड मरू लागले. त्यातला एक माझा.

मी तिच्या बाबांच्या टेबलावर होते. काशीनाथ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शेजाऱ्यांचे पेन्शनचे, नळाचे अर्ज दोन बोटांनी टाइप करून द्यायचे. अर्ज तक्रारीचा असला की मला जरा जोरात बसायचं.

लुंबिनीने भंगार वेचणाऱ्यांच्या वस्तीजवळ एक खोली घेतली. भंगारातल्या कीबोर्डच्या कळा काढून फ्रिजचे मॅग्नेट करायचे. तिथे पहिली आली नसीमा. आधी ती तांब्यासाठी वायरी जाळायची, सारखी खोकायची. इथे कळा साबणाने धुवायच्या, मागचा दांडा कापायचा, लोहचुंबक चिकटवायचं. हळूहळू नसीमाच्या नाकावरची ओढणी खाली आली. तिने पुन्हा त्या धुरात जाऊ नये, एवढ्यासाठीच लुंबिनीचा सगळा खटाटोप होता.

मग गुरुग्रामच्या एका कंपनीची दिवाळीची ऑर्डर आली. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या नावाचे मॅग्नेट. आपल्या लोकांच्या नावांच्या इंग्रजी स्पेलिंगांत मी किती वेळा येते आणि एका कीबोर्डवर मी एकटीच असते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एका अलकनंदासाठी चार कीबोर्ड उघडावे लागले. भंगार पुरेना. लुंबिनी बाजारातून जुने, पण चालते कीबोर्ड आणू लागली.

“दीदी, ये तो चल रहा है,” नसीमा म्हणाली.

“हाँ. निकालो.” लुंबिनीने वर पाहिलं नाही.

शेवटच्या नावाला एक ‘ए’ कमी पडली. बाबा फिरायला गेले होते. लुंबिनीने घरीच त्यांच्या कीबोर्डला स्क्रूड्रायव्हर लावला, माझा दांडा कापला, चुंबक चिकटवलं.

बाबा परतले, अर्ज लिहायला बसले आणि टेबलाखाली वाकून मला शोधू लागले. मग त्यांना तिच्या हातातली मी दिसले.

“बाबा, जुना होता ना यार. मी नवीन आणते.”

“जुना तर मीही आहे, बाळा. मला कधी उघडतेस?” ते हसत म्हणाले. ती हसली नाही.

तिने मला जागेवर बसवून पाहिलं. दरवेळी मी निसटले. शेवटी तिने मला फ्रिजला लावलं. पाहुणे मला गोड म्हणतात. म्हणू नका. माझ्याखाली एक कागदही नसतो, आणि त्या टेबलावर माझ्या जागी भोक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनीने ऑर्डरमधलं शेवटचं नाव अपुरंच सोडलं आणि आता एकही चालता कीबोर्ड मारायचा नाही म्हणून खोली बंद करायचं ठरवलं. नसीमाला तिने दारातच सांगितलं. नसीमाने ओढणी नाकावर घेतली, मागे गाठ मारली आणि धुराच्या दिशेने चालू लागली.